कंपनीनं कापलेला बास

३ मार्च, सोमवार. सकाळी ७

ही डायरी बियाणांच्या दुकानातून फुकट मिळालेली. दोन महिने कोरी पडली होती. आज लिहायला कारण मिळालं.

मृत्युंजयच्या लग्नाची तारीख ठरली. वीस एप्रिल, तेलगाव. मृत्युंजय म्हणजे थोरल्या भावाचा, अण्णांचा मुलगा, पण वाढला माझ्या मांडीवर. आमच्या घराण्यात रिवाज असा की परण्या, म्हणजे लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक, निघाला की नवरदेव चुलत्याच्या गाडीतून मारुतीच्या दर्शनाला जातो. अण्णा चुलत्याच्या बैलगाडीतून गेले. मी चुलत्याच्या जीपमधून गेलो. आता चुलता मी. गाडी आठ महिन्यांची, पांढरी, एक ओरखडा नाही.

फक्त म्युझिक.

कंपनीच्या म्युझिकमध्ये जीवच नाही. काल आवाज चाळीसवर, म्हणजे फुल करून बघितला. पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखं वाजलं. आणि तिकडं साखरपुड्याला मृत्युंजयचा मामा शिवशंकर अंबाजोगाईहून आला, डिक्की उघडली, आत हे भलंमोठं सबवूफर. गल्ली नाचली. मृत्युंजय नाचला. अण्णांचे गुडघे गेलेत, तेसुद्धा जाग्यावर हलले. शिवशंकर माझ्याकडं बघून हसला. ते हसणं मी ओळखून आहे. परण्या आपल्याच गाडीत, असा त्याचा अर्थ.

ठराव: लग्नाआधी माझ्या गाडीत सबवूफर. कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. बायकोला, कावेरीला तर बिलकूल नाही.

५ मार्च

पत्ता लागला.

परळीच्या भारतला माझ्या पिठाच्या गिरणीच्या मागं उभं राहून फोन केला. भारतचं गाड्यांच्या म्युझिकचं दुकान आहे. अगदी हळू आवाजात बोललो. घरी गेलो तर कावेरी म्हणाली, डिक्कीत कसलं खोकं बसवायलाव म्हणं. तासाभरात छबुबाई दळणाचा डबा घेऊन आली आणि तिनं विचारलं, आप्पा, किती इंची घ्यायलाव? छबुबाईचं घर गिरणीपासून चार घरं सोडून. भिंतीला कान असतात हे खरं आहे. फितूर शोधून काढला पाहिजे.

८ मार्च, शनिवार

परळीला गेलतो. भारतनं पुढच्या सीटवर बसून अर्धा तास बटणं दाबली आणि मग जे सांगितलं त्यानं माझ्या पायाखालची जमीन सरकली.

म्हणाला, आप्पा, चौदा-पंधरावर ऐका, बास हाय की, ढोलाचा जाडा आवाज. चांगला हाय. पण पंचवीसच्या वर गेलाव की कंपनीच बास कापती. दारातले स्पीकर फाटू नयेत म्हणून सेटिंगच तशी करून ठिवलेली असती.

म्हणजे मी आवाज वाढवायचा आणि कंपनीनं मागच्या दारानं बास काढून न्यायचा! मी विचारलं, असंच ना? तो म्हणाला, तसंच म्हणा.

हा विश्वासघात आहे. शोरूममध्ये त्या सेल्समननं गाणं बारावर लावून दाखवलं होतं. मला तेव्हा काहीच ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं एसीमुळं असंल. मी मान डोलावली आणि गाडी घेतली. साध्या माणसाला असं फसवतात.

भारतनं विचारलं, तुमी कितीवर लावता? अडतीस, मी म्हणलं. तो बघतच राहिला. मग चाचरत म्हणाला, आप्पा, कान कुठं दाखवले का? मी म्हणलं, बिघाड गाडीत हाय बे, माझ्यात न्हाई. दुकानदारानं गिऱ्हाइकाचे अवयव तपासू नयेत.

उपाय ठरला. कंपनीचा सेट जसाच्या तसा. मागच्या स्पीकरच्या वायरीतून आवाज उचलायचा, मधे एक डबी, कापलेला बास भरून काढणारी, सीटखाली अॅम्प्लिफायर, डिक्कीत बारा इंची सबवूफरचा बॉक्स. कंपनीनं जेवढं चोरलं तेवढं आपण परत घालायचं. ह्याला मी न्याय म्हणतो.

१० मार्च

कंपनीला पत्र. तीन खर्डे झाले. पहिल्यात 'महोदय', दुसऱ्यात 'विश्वासघातकी महोदय', तिसऱ्यात नुसतं 'अहो'. तिसऱ्यावर कावेरीनं पापडाच्या लाट्या ठेवल्या. तेलकट झालं. उद्या नव्यानं लिहीन.

१५ मार्च, शनिवार

बसलं एकदाचं!

सकाळी नऊला भारतच्या दुकानात. सीटा बाहेर, गालिचा वर, पुढून बॅटरीपासून मागं डिक्कीपर्यंत जाड लाल वायर. माझी आठ महिन्यांची गाडी अशी उघडी पडलेली बघून मी रस्त्याकडं तोंड करून बसलो. दुपारी चारला सगळं परत जाग्यावर. स्टेअरिंगच्या खाली एक गोल बटण दिलंय, बास कमी-जास्त करायला. अॅम्प्लिफायरवर भारतनं मार्करनं पांढरी रेघ मारली आणि बजावलं, आप्पा, हिच्या पुढं फिरवू नका.

पूजा केली. सबवूफरच्या काळ्या पडद्यावर विभूतीची तीन बोटं ओढली. नारळ बॉक्सवर फोडणार होतो, भारतनं हात धरला, पाणी आत जाईल म्हणाला. टायरपुढं फोडला. मग अडतीसवर गाणं लावलं. पहिल्याच ठोक्याला विभूती उडाली ती थेट भारतच्या भुवयांवर. शुभशकुन.

मला मात्र पुढच्या सीटवर म्हणावं तसं काही जाणवलं नाही. पाठीत जरा गुदगुल्या झाल्या तेवढंच. भारत आणि दोन गिऱ्हाइकं मात्र उठून रस्त्याच्या पलीकडं गेली. लांबून नीट ऐकू येतं. भारत तिकडून हातवारे करून काहीतरी ओरडत होता. कौतुकच असणार.

१७ मार्च

रेघेच्या पुढं फिरवलं. रेघा भित्र्या माणसांसाठी असतात.

मागची नंबरप्लेट टाळ वाजवायला लागली. ज्वारीची पोती आता डिक्कीत मावत नाहीत, मागच्या सीटवर ठेवावी लागतात. कावेरी रस्ताभर काहीतरी बोलत होती. बहुतेक पोत्यांवरून. मी मान डोलवत होतो. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी एक शिकलो, बायको बोलायला लागली की मान डोलवावी. भांडण होत नाही. हे मी मृत्युंजयला लग्नाआधी सांगणार आहे.

२२ मार्च, शनिवार

काहीतरी शिजतंय.

लग्नाची बोलणी करायला अण्णांच्या घरी बसलो होतो. सगळे हळू बोलत होते. मी इकडं वळलो की तिकडं कुजबुज, तिकडं वळलो की इकडं. मी विचारलं, परण्याचं काय? सगळे एकदम माझ्याकडं बघायला लागले. मृत्युंजयनं काहीतरी उत्तर दिलं, ओठ हलले, आवाज नाही. आजकालच्या पोरांत दमच नाही. शिवशंकर समोर बसून सुपारी कातरत होता. तो कातरतो आणि बाकीचे कुजबुजतात.

फोनचंही तेच. समोरचा माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटतं. फोनसुद्धा नवा आहे. सगळ्या कंपन्या एकाच माळेचे मणी.

आणि गिरणीत येणारी गिऱ्हाइकं! डबा ठेवतात, बारीक की जाड ते तोंडातल्या तोंडात सांगतात आणि मग माझ्यावरच डाफरतात. पूर्वी आमच्या सिरसाळ्याची माणसं मोकळ्या गळ्यानं बोलायची.

२६ मार्च

छबुबाईनं पीठ परत आणलं. भरड निघालं म्हणे. आणि वर म्हणते, आप्पा, आठ दिस झाले, तुमचं जातं किंचाळायलंय. अख्ख्या गल्लीला ऐकू यायलंय.

जातं किंचाळलं तर पहिलं मला कळंल का तिला? अठ्ठावीस वर्षं मी ह्या गिरणीच्या कुशीत उभा आहे. दगडाचा सूर बदलला की झोपेतसुद्धा कळतं मला, छिन्नीनं टोचून टाकी लावायची वेळ झाली म्हणून. मी म्हणलं, गव्हात दोष आहे. ती म्हणाली, गहू तुमच्याच कावेरीबाईनं दिलाय.

ती गेल्यावर दगड उघडला. टाके पार घासून गेलेले. दोन नट ढिले. योगायोग.

३० मार्च, गुढीपाडवा

मृत्युंजयला गाडीत बसवून सिरसाळ्याचा फेरा मारला. अडतीसवर, बासचं बटण पूर्ण. बसल्या बसल्या त्यानं दोन्ही हात कानाला लावले. मला भरून आलं. गाणारी माणसं गुरूचं नाव निघालं की अशीच कानाला हात लावतात. ह्या पिढीत एवढा आदर राहिलाय हे मला माहीत नव्हतं. हात त्यानं शेवटपर्यंत खाली घेतले नाहीत. बसस्टँडला उतरला, पायी जातो म्हणाला. हातानं खूण केली म्हणून कळलं.

एक बारीक गालबोट. घरापुढं गाडी मागं घेताना छबुबाईची पाटी चाकाखाली आली. साखरेच्या गाठ्या होत्या, पाडव्याच्या. तिनं बोंबाबोंब केली की मी थांबा थांबा म्हणून ओरडत होते, नातू माझ्या कडेवर होता. ओरडली असती तर थांबलो नसतो का? गाडीचा मागचा बीपरही वाजला नाही. तो पण कंपनीचाच.

कावेरी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. निदान मला तरी तसंच वाटलं.

५ एप्रिल, शनिवार

सबवूफर बंद पडलं. अॅम्प्लिफायरवर लाल दिवा. परळी.

भारत रेघेकडं बोट दाखवून म्हणाला, आप्पा, कावून फिरवलं? सांगितलं व्हतं ना? मी विषय बदलला. त्यानं फ्यूज घातला, बटण मागं आणलं आणि पुन्हा कानाचं काढलं. म्हणाला, माझ्या बापाला मशीन लावलं, आता बरं हाय. अंबाजोगाईच्या कानाच्या डॉक्टरचं कार्ड माझ्या खिशात घातलं.

मी त्याला सरळ विचारलं, शिवशंकरची गाडी कुणी केली? तो म्हणाला, मीच की.

घ्या. आता कळलं. शिवशंकरच्या डिक्कीत बास घालणारा हाच आणि माझ्या डोक्यात संशय घालणारा पण हाच. मी ह्याला माझा माणूस समजत होतो! गाडीत बसलो, रेघेच्या पुढं फिरवलं आणि आलो.

१३ एप्रिल, रविवार

अंबाजोगाईहून लग्नाचे कपडे आणले. येताना कावेरीच्या मनाखातर आवाज अठ्ठावीसवर ठेवला. ती बोलायला लागली. आज फार वेळ बोलली, अगदी गंभीर चेहरा करून. शेवटी माझ्या हातावर हात ठेवला आणि तोंडाकडं बघून काहीतरी विचारलं. मी मनापासून मान डोलावली. तिनं परत विचारलं. मी परत डोलावली, ह्या वेळी हसून.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पदर लावला डोळ्यांना. बायको खूश व्हायला सत्तावीस वर्षं लागली, आणि एक सबवूफर.

१८ एप्रिल

गाडी धुतली. दोनदा. झेंडूच्या माळांची ऑर्डर दिली, डिक्कीसाठी वेगळी. उद्या काच पुसायची.

घरात बायका माझ्याकडं बघून थांबतात आणि मी गेलो की परत बोलायला लागतात. लग्नघर आहे, असेल काहीतरी सरप्राइज.

२० एप्रिल, रविवार. तेलगाव. सकाळी ९.४०

मंगल कार्यालयाच्या फाटकापाशी गाडी लावली. तोंड मारुतीकडं. माळा घातल्या, डिक्की उघडी. फेटा बांधला.

१०.०५. नवरदेव अजून आत. मेकअप असेल.

१०.२०. हलगीवाले आले. माझ्याकडं बघून हसले. बास नुसता तपासला. त्यांतला एक कान चोळत लांब गेला.

१०.४०. कुणी नाही. कार्यालयाचं मागचं फाटक कशाला उघडलंय?

१०.५५. परण्या निघाला. मागच्या फाटकानं. मृत्युंजय शिवशंकरच्या गाडीत. अण्णा पुढं. कावेरी, माझी कावेरी, आरतीचं ताट घेऊन त्या गाडीच्या बाजूनं चाललीय.

११.३०. गाडीतच बसून आहे. एसी चालू. सगळ्यांनी मिळून माझा काटा काढला. मांडीवर वाढवलेलं पोर! ह्या पोराचं जावळ माझ्या मांडीवर काढलं. ह्याच्या मुंजीला... मुंज नाही, आमच्या लिंगायतांत अय्याचार असतो, त्याला मी अंगावरचे नवे कपडे केले. आणि बायको! बाहेरचा वैरी परवडला. आज जेवणार नाही. अक्षतासुद्धा टाकणार नाही.

संध्याकाळी ६

अक्षता टाकल्या. लांबून.

मग सगळ्यांना जानवशाच्या खोलीत गाठलं आणि बोललो. इतक्या दिवसांचं सगळं. विश्वासघात, दगाबाजी, सुपारी कातरणं, सगळं. कावेरी कानाशी येऊन म्हणाली, अहो, मी तुमाला इचारलं व्हतं. अंबाजोगाईहून येताना. दोनदा इचारलं. परण्या मामाच्या गाडीत काढू द्या, वाईट वाटून घेऊ नका, म्हणलं. तुमी हो म्हणलाव. हसून हो म्हणलाव. मला रडू आलं, एवढं मोठं मन बघून.

मी म्हणलं, पण कावून? माझ्या गाडीला काय झालंय?

मग मृत्युंजय पुढं आला. हळद, बाशिंग, सगळं अंगावर तसंच. माझे दोन्ही खांदे धरले. म्हणाला, काका, गाडीपुढं लेकरं नाचत्यात. गाडीमागं लेकरं नाचत्यात. कुणी थांबा म्हणलं तर तुमाला ऐकू येत न्हाई.

ऐकू येत न्हाई हे त्यानं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मला ऐकू आलं.

शिवशंकर तेवढ्यात खाली बघायला लागला. तो हसला असता तर बरं झालं असतं, मी त्याच्याशी भांडलो असतो.

मी विचारलं, कधीपासून माहीत आहे तुम्हाला? अण्णा म्हणाले, दोन वरसं. सगळ्या गावाला माहीत हाय. मग मला का सांगितलं नाही? कावेरी म्हणाली, सांगितलं की हो. कितींदा सांगितलं. तुमाला ऐकूच आलं न्हाई.

२२ एप्रिल

अजून राग आहे. कुणाशी बोललो नाही. कुणी बोललं असेल तर कळलं नाही.

ठराव: कान तपासून घ्यायचे. फक्त ह्या सगळ्यांना खोटं पाडायला. रिपोर्ट आला की लॅमिनेट करून गिरणीत टांगणार.

२५ एप्रिल, शुक्रवार. अंबाजोगाई

भारतनं दिलेल्या कार्डावरच गेलतो. दुसरं कार्ड नव्हतं.

काचेची एक बारकी खोली. कानावर मोठे हेडफोन. तिथल्या बाईनं खुणेनं सांगितलं, आवाज आला की हे बटण दाबा. मी बसलो. अधनंमधनं बारीकसं काहीतरी आलं तेव्हा दाबलं. मग बराच वेळ काही नाही. तिनं मशीन चालूच केलं नव्हतं, म्हणून मीही शांत बसलो. काचेपलीकडं कावेरी उभी होती. तिच्याकडं बघून मी हात हलवला, अजून सुरू नाही म्हणून.

ती तोंडावर पदर धरून उभी होती. दार उघडून बाई म्हणाली, झालं. मी म्हणलं, आधी चालू तर करा. तिनं कागद पुढं केला. त्यावर रेघ होती, डावीकडून उजवीकडं उतरत गेलेली. बीप, बीप, सगळं वाजत होतं म्हणे. मला सोडून खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

डॉक्टरनं विचारलं, धंदा काय? पिठाची गिरणी. किती वर्षं? अठ्ठावीस. त्यानं पेन खाली ठेवला आणि काहीच बोलला नाही. किंवा बोललाही असेल.

कंपनीवर संशय घेतला. भारतवर घेतला, शिवशंकरवर, छबुबाईवर, घरच्या बायकोवर. गिरणीवर घेतला नाही. रोज सकाळी तिला तेल घालायचो, उदबत्ती लावायचो, मग स्वतः चहा प्यायचो. तिनं माझे दोन्ही कान दळून खाल्ले आणि मला चव पण लागू दिली नाही. दगा म्हणायचा तर हा.

३ मे, शनिवार

मशीन बसलं. दोन्ही कानांत. लांबून दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाला. छबुबाईला चार घरांवरून दिसलं.

काय काय आवाज आहेत जगात! कागद वाजतो. माझी चप्पल वाजते. मी भाकरी चावतो ते मला ऐकू येतं आणि ते काही चांगलं नाही. गाडीचा इंडिकेटर टिकटिक करतो, हे मला आठ-दहा महिन्यांत पहिल्यांदा कळलं. घरातली सगळी माझ्याशी ओरडून बोलतात, सवयीनं, आणि मी कानावर हात ठेवतो.

गिरणी चालू केली आणि बाहेर पळालो. रस्त्यावर उभा राहून बघत होतो तिच्याकडं. हिच्याशेजारी मी अठ्ठावीस वर्षं उभा होतो?

संध्याकाळी गाडीत एकटा बसलो. सबवूफरचा फ्यूज काढून टाकला होता, मृत्युंजयच्या हातून. कंपनीचा सेट चौदावर लावला.

बास होता. कंपनीचाच. चांगला होता.

भारतला फोन करून सांगितलं, बॉक्स काढून ने. त्यानं विचारलं, आप्पा, कावून? मी म्हणलं, डिक्कीत पोती ठेवायला जागा पाहिजे. त्याचा श्वास ऐकू आला, फोनमध्ये.

६ मे, मंगळवार. संध्याकाळी ६.३०

हे लिहावं की नाही, कळत नाही. पण ही डायरी कुणी वाचत नाही.

कावेरी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती, फोन स्पीकरवर, पलीकडं तिची बहीण मल्लम्मा. मी दारातच बाजेवर पेपर घेऊन पडलेलो. तिला वाटलं मशीन डबीत आहे. दुपारी मी काढून ठेवतो, झोपताना टोचतं म्हणून. आज काढलं नव्हतं.

मल्लम्मानं विचारलं, आता बरं झालं असंल की, ऐकू येतंय तर. कावेरी म्हणाली, व्हय, त्येंच्यासाठी लई बरं झालं. मग भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, पर मल्ले, तुला एक सांगू? दोन वरसं मी ह्येंच्यापुढं बसून मनातलं सगळं बोलत व्हते. सासूचं, थोरल्या जावंचं, ह्येंचं ह्येंनाच. जे आई-बापाला बोलता आलं न्हाई ते बी. एवढ्याजवळ बसायचे, पेपर वाचत. कुणी रागावायचं न्हाई, कुणी मधे बोलायचं न्हाई. लई हलकं वाटायचं. आता मशीन आलं. आता मी कुठं बोलू?

राग आला. लिहूनच ठेवतो, आला. माझ्याच घरात, माझ्याच तोंडासमोर, दोन वर्षं! परण्याचा दगा ह्याच्यापुढं काहीच नाही. पेपर फेकून आत जाणार होतो. उठलोसुद्धा.

मग वाटलं, दोन वर्षं बोलत होती म्हणजे काय काय बोलली असेल? एवढ्याजवळ बसलो होतो मी. सत्तावीस वर्षांत तिनं कुठल्या गोष्टीची तक्रार केली, आठवून बघितलं. पोती. पोत्यांशिवाय दुसरं काही आठवेना. विचारावं का तिला? विचारायची हिंमत होईना.

तिनं फोन ठेवला. मी मुद्दाम खोकलो, आत गेलो आणि तिच्यासमोर पाटावर बसलो. दोन्ही कानांतली मशीनं काढली. तिला दिसतील अशी डबीत ठेवली. झाकण लावलं. डबी तिच्या बाजूला सरकवली आणि पेपर उघडला.

ती डबीकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. मग तिचे ओठ हलायला लागले. एकदा हसली. एकदा पिठाच्या हातानंच डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. अर्धा तास बोलली. काय बोलली ते मला माहीत नाही.

ठराव: रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा मशीन डबीत. सेल तेवढेच वाचतात.